फॉर्मवर नाव कुठले लिहायचे – माहेरचे की सासरचे?

‘‘आई, तुझा जन्माचा दाखला आहे का गं?’’ असा प्रश्न एखाद्या रविवारी सकाळी अमेरिकेतून फोनवर आला, की समजावे, चिरंजीवांना तिकडचे नागरिकत्व मिळाले आणि आता आईवडिलांच्या ग्रीन कार्डाचा विचार सुरू झाला. आनंदाची गोष्ट खरी. पण त्या साध्या प्रश्नाला आपल्यापैकी कितीजणींना चटकन उत्तर देता येईल? आपला वाढदिवस १ जून, हे पाठ असते. मात्र तो खरा, की शाळेत नाव घालताना गुरुजींनी आपल्या सोयीने लिहिलेला, हे सांगणारी माणसे आता राहिलेली नसतात. आपल्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म म्हणे १ जूनचाच! इथे आपण हसून सोडून देतो. तिकडचा अधिकारी हसत नाही, तो दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी भागात हा फोन आता नवलाईचा राहिलेला नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठीच्या दशकात एम.आय.डी.सी. आली, बजाज आली, टेल्को आली. सातारा-सांगलीकडची, नगरची, खानदेशातली, मराठवाड्यातली माणसे नोकरीसाठी इथे येऊन वसली. त्यांच्या मुलांनी इथेच इंजिनिअरिंग केले. कुणी हिंजवडी-तळवड्याच्या कॉम्प्युटर कंपनीतून तिकडे गेला, कुणी चाकणच्या मोटारींच्या कारखान्यातला अनुभव घेऊन डेट्रॉइटला पोचला. म्हणजे बघा, एका पिढीने गाव सोडून पिंपरी गाठली, दुसरीने पिंपरी सोडून मिशिगन. आणि दोन्ही वेळा कागदपत्रे मात्र जिथल्या तिथे मागे राहिली. आईचा जन्म एका गावी, लग्न दुसऱ्या गावी, पहिले बाळंतपण माहेरी, पुढचा सगळा संसार कंपनीच्या क्वार्टरमध्ये. आता हे सारे कागद एका फायलीत यायला हवेत, आणि त्या सगळ्यांवर एकच बाई दिसायला हवी. खरी मेख इथे आहे.

आधी हे सांगते, की कोण कुणाला बोलावू शकतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचा नागरिक असेल आणि वय २१ पूर्ण असेल, तर आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. मुलाकडे नुसते ग्रीन कार्ड असेल तर आईवडिलांना बोलावता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. नागरिकाचे आईवडील, नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुले यांच्यासाठी वर्षाला इतकेच व्हिसा अशी मर्यादा नाही, म्हणून रांगही नाही. कागद तपासून होईपर्यंत लागेल तो वेळ, साधारण वर्ष-दोन वर्षे. आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा. आणि धाकटी लेक घरी असेल तर ती आईच्या अर्जावर बरोबर जाऊ शकत नाही. तिची वाट निराळी, आणि फार लांबची. तिच्याकडे पुढे येऊच.

एकीची तीन नावे

मुलाने आईसाठी जो अर्ज भरायचा, त्याला आय-१३० म्हणतात. त्याला मुलाचा जन्मदाखला जोडावा लागतो आणि त्यावर आईचे नाव असावे लागते. ती त्याची आई, याचा तोच पुरावा. आता आठवून बघा. पहिले बाळंतपण माहेरी झाले. दवाखान्यात नाव सांगायला तुमची आई किंवा भाऊ गेला. त्याने सवयीने माहेरचेच नाव सांगितले. सासरी आल्यावर तुमचे नाव बदलले होते, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले, ते त्याच्या तोंडात बसलेले नव्हते. झाले! मुलाच्या दाखल्यावर आई ‘कुसुम’, रेशन कार्डावर आणि पासपोर्टवर ‘सुनंदा’, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘कुसुम’पुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. आपल्या दृष्टीने यात काहीच गैर नाही. पण आपल्याला ओळखत नसलेल्या माणसाला या तीन निरनिराळ्या बायका वाटणार, यात त्याचा तरी काय दोष?

यावर उपाय आहे, आणि तो लपवालपवीचा नाही. अमेरिकेच्या फॉर्मवर ‘आजवर वापरलेली इतर नावे’ अशी स्वतंत्र जागाच असते. तिथे सगळी नावे लिहायची. माहेरचे पूर्ण नाव, लग्नानंतरचे पूर्ण नाव, एखाद्या सरकारी कागदावर वेगळ्या स्पेलिंगने आले असेल तर तेही. पुष्कळ घरी मुले काय करतात, की पासपोर्टवरचे तेवढे एक नाव लिहून मोकळी होतात. ‘‘आई, उगाच गोंधळ नको,’’ म्हणतात. गोंधळ तिथेच सुरू होतो. जे नाव फॉर्मवर आधी सांगितले, ते पुढे एखाद्या दाखल्यावर निघाले तर काही बिघडत नाही; न सांगितलेले निघाले, तर प्रश्न विचारले जातात.

नावे जोडणारा कागद म्हणजे लग्नाचा दाखला. त्यात लग्नाआधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही नावे आली, तर अर्धे काम झाले म्हणा. आपल्यापैकी पुष्कळजणींची लग्ने मांडवात लागली आणि नोंदणी राहूनच गेली. लग्नाला चाळीस वर्षे झाली असली तरी नोंदणी आता करता येते. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ती होते. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, साक्षीदार लागतात. तेव्हा ट्रंकेच्या तळाशी ती पिवळी पडलेली पत्रिका असेल तर जपून ठेवा. पत्रिकेवर माहेरचे नाव छापलेले असते, त्याचाही उपयोग होतो. पहिलेच नाव बदललेले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेतात. ते त्या वेळी केले नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. मात्र नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये. त्याच्या जोडीला जुना कागद हवाच, आणि कागद जितका जुना तितके त्याचे वजन जास्त. गेल्या महिन्यात काढलेल्या दाखल्यापेक्षा १९६८ सालच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दाखल्यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसतो.

कागदावर आईच नाही

आता तुमच्या स्वतःच्या जन्माचा दाखला. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९चा, आणि तो अमलात आला १९७० साली. त्याआधी खेड्यात जन्मलेल्यांची नोंद झाली असलीच तर ती गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये. ही जुनी पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात; काही वाळवीने खाल्लेली, काही मोडीत लिहिलेली. त्यात नाव सापडले तरी पुष्कळदा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, कारण बारसे व्हायचे होते! बापाचे नाव असते, आईचे असतेच असे नाही. शाळेच्या जुन्या दाखल्यांवर तर आईच्या नावाला बहुधा जागाच नसे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्याने आईचे नाव सक्तीचे केले. आपली पिढी त्याच्या कितीतरी आधीची.

नोंद मिळालीच नाही तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला त्या कार्यालयाकडून मागून घ्यायचा. हा दाखला नकाराचा असला तरी उपयोगाचा आहे, तो टाकू नका. त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्या जन्माची स्वतःला माहिती असलेल्या जवळच्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र लागते. इथे एक व्यवहाराची गोष्ट. मामा, आत्या, मोठी मावशी, कुणी ऐंशी-पंच्याऐंशीचे हयात असेल, तर त्यांचे प्रतिज्ञापत्र आजच करून ठेवा. मुलाला नागरिकत्व मिळेपर्यंत थांबू नका.

काहीजणी आता नव्याने, उशिरा नोंद करून दाखला काढतात. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचे नियम आणखी कडक केले. उशिराचा दाखला चालत नाही असे नाही. पण त्याच्या आधाराला जुने कागद मागतातच. मग जुन्या कागदांपासूनच सुरुवात का करू नये? तारीखही ताडून बघा. कोतवाल बुकात श्रावणातली तारीख आणि शाळेत १ जून, असे असेल तर मुलाला ते आधीच सांगा. पासपोर्टवर जी तारीख आहे तीच फॉर्मवर जाणार. फरक का पडला, हे एका साध्या वाक्यात सांगता आले पाहिजे.

गावांच्या नावांचेही असेच. चाकणच्या पुढचे खेड आता राजगुरुनगर आहे, आणि खेड नावाचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. तुमच्या पासपोर्टवर जन्मगाव ‘खेड’ आणि दाखल्यावर ‘राजगुरुनगर’ असेल, तर ती एकच जागा हे बोस्टनमधल्या कारकुनाला कुणी सांगायचे? औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे २०२३ मध्ये बदलली, अहमदनगरचे २०२४ मध्ये. मराठवाड्यातून, नगरकडून इथे आलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे जोडावी लागतात. भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर बरोबर आहे’ असे लिहून सही करायची असते. त्याला सांगा, नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेव. ‘सुनंदा’चे इंग्रजीत तीन प्रकार होतात.

सूनबाईची सही

अर्जाबरोबर मुलाला एक हमीपत्र द्यावे लागते, की आईवडिलांचा भार सरकारवर पडणार नाही. त्याची कमाई सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असावी लागते, आणि रेषा मोजताना घरातली सगळी डोकी धरतात, आपली दोन धरून. हा नुसता उपचार नाही. १९९६च्या कायद्याने हे हमीपत्र कोर्टात बांधील ठरवले आहे. मुलाची एकट्याची कमाई पुरत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कमावत्याची धरतात आणि त्याचीही सही घेतात. दुसरे कमावते म्हणजे कोण, तर सूनबाई. ती आपल्या सासूसासऱ्यांच्या खर्चाला कायद्याने जबाबदार होते. तेव्हा तिला आधी विचारले आहे ना, एवढे आपण मुलाला जरूर विचारावे. पुढे वर्षानुवर्षे एका स्वयंपाकघरात वावरायचे आहे.

आणि मुळात जायचे आहे का? हे कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. ग्रीन कार्ड म्हणजे ये-जा करण्याचा पास, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. ते कायम राहण्यासाठी असते. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिले तर कार्ड सोडले असे धरतात. आधी परवाना काढून गेले तर दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते. म्हणजे चिंचवडचा फ्लॅट, भिशीच्या मैत्रिणी, मोरया गोसावींची चतुर्थी, यजमानांचा नेहमीचा डॉक्टर, हे सारे वर्षातून थोडके दिवस. औषधपाण्याचा विचार तर आधीच करावा. तिकडचा म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, नव्याने आलेल्यांना पासष्टी उलटली तरी पाच वर्षे राहिल्याशिवाय घेता येत नाही, आणि मग त्याचे हप्तेही भरावे लागतात. मधली पाच वर्षे खाजगी विमा. नातवंडांसाठी पाच-सहा महिने जाऊन यायचे, एवढेच मनात असेल तर पाहुण्यांचा व्हिसा पुरतो. मात्र एकदा ग्रीन कार्डाचा अर्ज घातला, की पाहुणी म्हणून जाताना ‘आता परत येणार ना?’ असे विचारले जाते. म्हणून ‘घालून तर ठेवू’ असे म्हणून अर्ज घालू नये. माझे मत विचाराल तर, ज्या घरी दोन्ही मुले तिकडे आणि इथे म्हातारी दोघेच, त्यांनी जरूर विचार करावा. एक मूल इथे असेल तर घाई करू नये.

बहिणीचा नंबर

आता त्या लांबच्या रांगेविषयी. नागरिक झालेला भाऊ बहिणीसाठी अर्ज करू शकतो. ही सोय १९६५च्या कायद्यामुळे मोठी झाली. त्याआधी, १९४६पासून, साऱ्या हिंदुस्थानाला मिळून वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. आणि त्याहीआधी, १९२३ साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला होता. त्या काळचा आणखी एक कायदा आपण बायकांनी ऐकण्यासारखा आहे. १९०७पासून अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केले, की तिचे स्वतःचे नागरिकत्व जाई! १९२२ साली तो बदलला, पण हिंदी नवरा करणारीला त्यातूनही सुटका नव्हती; तिला आणखी काही वर्षे थांबावे लागले. बाईने नवऱ्याच्या नावाने ओळखले जावे हा हट्ट फक्त आपल्याकडचा नव्हे तर!

तर बहिणीचा अर्ज. भाऊ-बहीण या वर्गाला साऱ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा, त्यात बहिणीचा नवरा आणि मुलेही मोजायची, शिवाय कुठल्याही एका देशाला ठरावीक वाट्याहून जास्त नाही. २०२५ मध्ये भारतातल्या ज्या बहिणींचे नंबर लागत होते, त्यांचे अर्ज २००६ सालचे होते. एकोणीस वर्षे! समजा, २००६ साली भोसरीतल्या एका बहिणीसाठी भावाने अर्ज घातला. नवरा तेव्हा बेचाळीसचा, कारखान्यात फिटर, मुलगी दुसरीत. नंबर लागला तेव्हा नवरा निवृत्त झालेला, आणि मुलगी सव्वीसची. २१ उलटलेले मूल आईबरोबर जाऊ शकत नाही. अर्ज तपासायला सरकारने जितका काळ घेतला तो वयातून वजा होतो, तशी २००२च्या कायद्याने सोय केली आहे. पण सव्वीसमधून तो वजा करूनही बहुधा पुरत नाही. तिचे लग्न झालेले असेल तर प्रश्नच मिटला. म्हणजे ज्या लेकरांच्या भवितव्यासाठी अर्ज घातला, तीच मागे राहणार आणि साठीतली दोघे जाणार. वर अर्ज करणारा भाऊच मधे गेला, तर सहसा अर्जही त्याच्याबरोबर जातो.

आणि पत्ता! २००६ साली लिहिलेला पत्ता कंपनीच्या क्वार्टरचा असतो. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटले, रावेतला किंवा मोशीला फ्लॅट घेतला, अमेरिकेला कुणी कळवले? नंबर लागल्याची सूचना आल्यावर वर्षाच्या आत हालचाल केली नाही तर नोंद रद्द होऊ शकते. भावाने तुमच्यासाठी असा अर्ज घातलेला असेल, तर आज रात्रीच त्याला फोन करून अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. नंबर लवकर लावून देतो म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. रांग कुणालाच पुढे सरकवता येत नाही, आणि सरकारी फॉर्म फुकट मिळतात.

लेक द्यायची असेल तर

ज्यांना तिकडचा जावई बघायचा आहे त्यांना थोडेसे सांगते. ‘‘मुलगा अमेरिकेत असतो’’ एवढ्यावर थांबू नका. नागरिक आहे, ग्रीन कार्ड आहे, की नोकरीच्या एच-वन व्हिसावर आहे, हे स्पष्ट विचारा. हुंड्याचे नव्हे, हे विचारायला लाजायचे कारण नाही. एच-वनवाल्याच्या बायकोला एच-फोर मिळतो. त्यावर २०१५पर्यंत नोकरीच करता येत नसे. त्यानंतरही फक्त ज्यांच्या नवऱ्याचे ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्याला पोचले आहे त्यांनाच परवानगी मिळते. नवरा नागरिक असेल आणि ती तिकडे पोचताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर तिला दोन वर्षांचेच कार्ड मिळते. ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. पुष्कळ मुली इथे घाबरून जातात, की नवऱ्याने सही दिली नाही तर? घटस्फोट झाला असेल, किंवा मारहाण, छळ होत असेल, तर तिला एकटीलाही अर्ज करता येतो. छळ सोसणाऱ्या बायकोला नवऱ्यावाचून स्वतःच ग्रीन कार्ड मागण्याची सोय १९९४पासून तिथल्या कायद्यात आहे. मुलीला निरोप देताना दागिन्यांची यादी करतो ना, तशी तिच्या पासपोर्टची, लग्नाच्या दाखल्याची, जन्मदाखल्याची एक-एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी. आणि तिचा पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये राहील, हे तिला बजावून सांगावे.

आईचे नागरिकत्व ही पुढची पायरी. ग्रीन कार्डावर पाच वर्षे झाली की अर्ज करता येतो. त्यातली निदान तीस महिने प्रत्यक्ष तिकडे असायला हवे. इंग्रजीची आणि इतिहास-राज्यकारभाराची तोंडी परीक्षा असते. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांतले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. पन्नाशी उलटलेल्यांना इंग्रजीतून सूट आहे, पण ती वीस वर्षे ग्रीन कार्डावर काढलेल्यांना. पंचावन्न उलटलेल्यांना पंधरा वर्षांनी. साठाव्या वर्षी गेलेल्या आईला ती कुठून मिळणार? शिवाय आपल्या देशाला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. तिकडची शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट परत करायचा, मतदान गेले. मग ओ.सी.आय. कार्ड घेऊन हवे तेव्हा येता-राहता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. चाकण, खेड, मावळात माहेरची जमीन असलेल्या बहिणींनी सातबाऱ्यावर आपले नाव लागले आहे का, हे जाण्यापूर्वीच बघावे. आणि लागले असेल तर ते कुठले लागले आहे, माहेरचे की सासरचे, तेही.

व्हिसाची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. त्याआधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यायची, पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून काढायचा. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८पासून वेगळे झाले आहे, चाकणही त्यातच येते. तेव्हा चौकशीला माणूस कुठल्या ठाण्यातून येणार, हे आधी विचारून ठेवा. मूळ कागद आणि प्रती वेगवेगळ्या ठेवा. मराठीतून बोलायचे असेल तर तसे सांगायला संकोच करू नका. आणि नाव विचारले की पासपोर्टवरचे सांगा. ‘याशिवाय आणखी कुठले नाव होते का?’ असे विचारले, तर ‘‘हो, माहेरचे’’ म्हणून तेही पूर्ण सांगा.